वजनकाट्यावरचे मास्तर

सबंध भिलाईत त्या काळी एकच माणूस असा होता की ज्याला कसलीही घाई नव्हती, आणि नेमका तोच वजनकाट्यावर बसवलेला होता. पोलादाचा कारखाना उभा राहत होता. भट्ट्या, चिमण्या, रूळ, रस्ते, राहायची घरं, सगळं एकदमच चाललं होतं आणि जो तो दुसऱ्याला ‘जल्दी करो’ म्हणत धावत होता. अहिवाऱ्याकडून चुनखडी भरून आलेले ट्रक गेटाबाहेर रांग लावून हॉर्न वाजवत, आणि ती सगळी रांग आमच्या योगमास्तरांच्या नाकपुडीवर अडलेली असे. हे मी उगाच म्हणत नाही. ट्रकची पुढची चाकं काट्यावर चढली की मास्तर श्वास आत ओढून घेत आणि काट्याची सुई थरथरायची थांबेपर्यंत धरून ठेवत. सुई थांबल्याशिवाय आकडा लिहायचा नाही आणि आकडा लिहिल्याशिवाय श्वास सोडायचा नाही, असा नेम. त्यातून कुंभक छान लागला तर सुई थांबून बराच वेळ झाला तरी ते डोळे मिटून तसेच बसत. एकदा एक छत्तीसगढी ड्रायव्हर खिडकीतून आत डोकावून फार प्रेमाने म्हणाला, “महाराज, कांटा थिर होगे, अब तो सांस ले लेव.” मास्तरांनी आकडा लिहिला, श्वास सोडला आणि त्याला चक्क मराठीत सांगितलं, “तू बी घेत जा गा. सकाळपासून नुसता हॉर्न वाजवून राहिला.”

मी तेव्हा पंप हाउसमध्ये फिटर होतो. माझं घर दुर्गला, म्हणजे सायकलने जाण्याइतकं जवळ. पण घरी वडील होते आणि वडिलांना प्रश्न विचारायची सवय होती, म्हणून मी बॅचलर क्वार्टरांत एक खोली मिळवली. शेजारची खोली मास्तरांची. पंचेचाळिशीचे, वाळक्या अंगाचे, वैनगंगेकाठच्या कुठल्याशा गावचे. आठ वर्षं मंडल्याजवळ नर्मदेच्या काठी एका योग्याच्या आश्रमात काढून ते आमच्यात येऊन पडले होते. कोणी ‘गुरुजी’ म्हटलं की त्यांना विंचू चावल्यासारखं होई. “मास्तर म्हन. गुरू तिकडं मंडल्याले बसला हाये.”

याचं कारण मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्या गुरूने त्यांना आश्रमातून बाहेर काढलं होतं ते एका अटीवर. ‘तुला बसता येतं. आता दुसऱ्याला बसवता येतं का ते बघ. एक माणूस एक वर्ष, एकही दिवस न चुकवता, तुझ्यासमोर बसला की परत ये. तोवर इथे पाऊल टाकू नकोस.’ आणि वर आणखी एक पाचर: त्या माणसाला ही अट कळता कामा नये, नाहीतर तो भिडेखातर बसेल. मास्तरांनी विचार केला असावा की जिथे सगळ्यात जास्त माणसं गोळा होतात तिथे आपला एक माणूस सापडेल, म्हणून ते भिलाईला आले. हिशेब साफ चुकला. गोळा झालेली माणसं एका जागी वर्षभर बसायला आलीच नव्हती. कोणाची बदली, कोणाची पाळी, कोणाला फॅमिली क्वार्टर मिळून बायको येणार. मास्तरांना येऊन तीन वर्षं झाली होती आणि घरी परत जायचं तिकीट काही केल्या मिळत नव्हतं.

शास्त्रात ब्रह्ममुहूर्त पहाटेचा. पहिल्या वर्षी मास्तरांनी तसा पहाटेचा वर्ग लावला, तेव्हा समोर एक सुतार आणि एक कुत्रा एवढेच येत, आणि सुतार झोपे. कारण आमचं गाव तीन पाळ्यांत चालायचं. पहाटे चारला कोणी भट्टीपुढे, तर कोणी नुकताच पाठ टेकलेला. मास्तरांनी आठ दिवस विचार केला आणि भिलाईपुरता ब्रह्ममुहूर्तच बदलला. माणूस ज्या वेळी झोपेतून उठेल, त्यानंतरचा पहिला तास तो त्याचा ब्रह्ममुहूर्त. दिवसही तिथूनच सुरू. त्यामुळे मास्तरांच्या खोलीत रोज तीनदा उजाडत असे. नाइट करून झोपलेले आम्ही भर दुपारी तीनला दात घासून, ओल्या केसांनी, तांब्या घेऊन प्रसन्न चेहऱ्याने निघालो की फर्स्ट शिफ्ट करून कोळशासारखे होऊन परतणारे लोक आमच्याकडे बघतच राहत. रायपूरचे एक शास्त्रीबुवा कोणाकडे तरी पूजेला आले होते, त्यांनी हे ऐकून मास्तरांना शास्त्र बुडवल्याबद्दल चार शब्द सुनावले. मास्तरांनी हात जोडून ऐकून घेतलं आणि समोर बसलेल्या एका भट्टीवाल्याकडे बोट दाखवून म्हणाले, “याले पहाटे चारले डोळे मिटाले लावलं त हा भट्टीत पडन, बुवा. मंग मुहूर्त कोनाचा?”

शिकवण म्हणाल तर फार थोडी. चार आसनं, दोन प्राणायाम, बाकी सगळं बसणं. पुस्तकं वाचून आलेल्या एकाने विचारलं, कुंडलिनी कधी जागी होते? मास्तर म्हणाले, “आधी तुहे पाय झोपून राहिले, ते त जागे कर.” एक रशियन इंजिनियर पाठ धरली म्हणून तीन आठवडे येत होता. मास्तर मराठीत सांगत, तो रशियनमध्ये कण्हत असे आणि दोघांचं उत्तम जमे. पाठ सुटली, तो मायदेशी गेला, जाताना एक केसाळ टोपी देऊन गेला. भिलाईच्या उन्हात त्या टोपीचं दुसरं काय होणार? मास्तर ती शीर्षासनाला डोक्याखाली घेत. “एकवीस दिवस भरले होते त्याचे,” असं ते पुढे कित्येकदा म्हणत. मला वाटे, कौतुकाने म्हणतात.

आमच्या रांगेत शेवटच्या खोलीत नागपूरकडचा एक रिगर राहत असे. क्रेनला ओझं बांधून द्यायचं त्याचं काम. दोनच वर्षांपूर्वी त्याच्या सगळ्या घराने बौद्ध धम्म घेतला होता आणि तो त्याबद्दल फार पक्का होता. पहिल्याच दिवशी मास्तरांच्या खोलीत भिंतीवरचा गुरूंचा फोटो बघून दारातच थांबला. “मी हात नाही जोडनार,” म्हणाला. “कोन म्हनते जोड? नाक हाये ना तुले? मंग बस.” असं म्हणून मास्तर उठले आणि फोटो उलटा करून भिंतीकडे तोंड करून टांगला. पुढे तो येण्याच्या वेळेला ते आपणहून फोटो फिरवत आणि तो गेला की पुन्हा सरळ करत. “तेवढाच गुरूले बी आराम,” म्हणत. हा रिगर सात महिने बसला. मग ऑक्टोबरात त्याच्या लोकांबरोबर चार दिवस नागपूरला गेला, आणि आल्यावर मास्तर त्याच्याशी पूर्वीपेक्षाही प्रेमाने वागू लागले. असं का, ते मला तेव्हा कळलं नाही.

त्यानंतर मी. मी का बसायला लागलो ते खरं सांगतो. मला योगाचं काडीचं वेड नव्हतं. ड्युटीवरून आलं की खोलीत खाट, कंदील आणि मी. दुर्गला घरी दहा माणसांत वाढलेला मी, आणि इथे चहा केला तर ‘तू घेतोस का’ म्हणून विचारायला भिंत. मास्तरांच्या खोलीत निदान दुसऱ्या माणसाचा श्वास ऐकू येई. तेवढ्यासाठी जात होतो, आणि मग सवय लागली. नशीब असं की माझी आणि त्यांची पाळी नेहमी एकच येई. फर्स्टला दोघं फर्स्टला, नाइटला दोघं नाइटला. त्यांच्या काट्यावर चार बाबू आळीपाळीने असत, तरी दर आठवड्याला हा योग जुळे. मी याला योगायोग समजत होतो. माझी सुट्टीही ते जमवून घेत, दुर्गला आईला भेटायला निघालो की “चाल, मी बी येतो” म्हणून सायकलच्या मागे बसत आणि आमच्या ओसरीवर, वडिलांच्या प्रश्नांच्या माऱ्यात, मला समोर बसवत.

मग पंपाचं बेअरिंग गेलं. माझी फर्स्ट शिफ्ट होती. पहाटे मास्तरांपुढे बसून ड्युटीवर गेलो होतो. दुपारी पंप बंद पडला, आणि भट्टीचं पाणी थांबणं म्हणजे खेळ नव्हे, तेव्हा आम्हा सगळ्या फिटरांना तिथेच धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटका झाली. खोलीवर आलो तो बूट घालूनच खाटेवर पडलो, आणि उठलो तो तिसऱ्या दिवशी सकाळी. गेलो मास्तरांकडे. ते बसलेलेच होते. “काल आला नाही तू,” एवढंच म्हणाले. मी पंपाचं सांगितलं. “चालू झाला?” “झाला.” “बरं झालं. पानी थांबलं असतं त भट्टी गेली असती. बस.” मी बसलो. नंतर कळलं की आदल्या दिवशी ते कामावर गेलेच नव्हते, दार उघडं टाकून दिवसभर सतरंजीवर बसून होते. काट्यावर दुसरा बाबू बसला आणि ट्रकांची रांग निम्म्या वेळात संपली. ड्रायव्हर लोक पुढे बरेच दिवस त्या दिवसाची आठवण काढत.

मला हे सगळं रिगरने सांगितलं. नळावर बादली भरत होता, ती तशीच ठेवून म्हणाला, “अकरा महिने नऊ दिवस झाले होते तुले. मी मोजून राहिलो होतो. तो बी मोजून राहिला होता.” मग त्याने अट सांगितली. त्याला ती मास्तरांनीच सांगितली होती, नागपूरहून आल्यावर. कारण तोवर तो बाद झाला होता आणि बाद झालेल्या माणसाला सांगायला हरकत नव्हती. पाळीचं गुपितही त्यानेच फोडलं. माझ्याबरोबर पाळी जुळावी म्हणून मास्तर दर आठवड्याला कोणा ना कोणाशी ड्युटी बदलून घेत. बदल्यात दुसऱ्यांच्या दिवाळ्या, दुसऱ्यांचे रविवार भरून देत. मी नळ बंद केला. एका बेअरिंगपायी एका माणसाचं घर लांबलं होतं, आणि त्याने मला पंप चालू झाला का, हे विचारलं होतं.

तसाच मास्तरांकडे गेलो आणि वकिली केली. म्हटलं, मास्तर, तुमच्याच नियमाने माणूस उठल्यावर दिवस सुरू होतो. मी त्या दोन दिवसांत झोपलोच नाही. झोपलो नाही तर उठलो नाही, उठलो नाही तर दिवस उजाडलाच नाही. मग चुकला कुठला? मास्तर इतके हसले की त्यांना खोकला लागला. “चांगलं बोलतं. कोर्टात जा,” म्हणाले. मग डोळे पुसून म्हणाले, “तो नेम मी तुमच्यासाठी काढला गा. गुरूले काय शिफ्ट मालूम? त्याचा सूर्य एकच.” मी म्हटलं, मग उद्यापासून पुन्हा मोजा, मी बसतो वर्षभर. त्यांनी मान हलवली. “आता तुले मालूम झालं. आता तू दहा वर्सं बसला तरी उपेग नाही.” बसलो मात्र मी रोजच. आता आम्ही दोघंही जाणून होतो की त्यातून काही निघायचं नाही, आणि त्यामुळे ते बसणं फार निवांत आणि फार उदास झालं होतं.

त्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि फॅमिली क्वार्टर मिळालं. बायको वर्ध्याची. डाव्या बाजूला बंगाली कुटुंब, उजव्या बाजूला तेलुगू, आणि हिला मराठीशिवाय अक्षर येत नव्हतं. मी ड्युटीवर गेलो की ही फाटकाकडे बघत बसे. दोन-दोन दिवस माझ्याखेरीज कोणाशी बोलणं होत नसे. मला ते दिसत होतं, आणि त्याबरोबर दुसरंही काही दिसत होतं, हे कबूल करतो. हिला अट माहीत नव्हती. मी मास्तरांना हळूच सुचवलं. ते म्हणाले, “बायकोले तू धाडशीन त ते भीडच झाली ना?” मी विषय सोडला. पुढे एकदा ते चहाला आले असता हिनेच विचारलं, “मास्तर, डोळे मिटून दिवसभर करता काय तुमी?”

“काईच नाही, सूनबाई.”

“मंग मले बी शिकवा. मले बी काईच काम नसते.”

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी घाईघाईने बशीत चहा ओतला.

बाईमाणसाचा ब्रह्ममुहूर्त कोणता, यावर मास्तरांनी पुन्हा आठ दिवस घेतले. निर्णय झाला: घरातला शेवटचा माणूस बाहेर पडल्यानंतरचा पहिला तास. म्हणजे आता त्यांना माझ्या उलट पाळी हवी. पुन्हा ड्युट्यांची अदलाबदल सुरू झाली. समोरच्या व्हरांड्यात, सगळ्या रस्त्याच्या देखत दोघं बसत. पलीकडच्या बंगालीणबाई सुरुवातीला टक लावून बघत, नंतर त्याच वेळी आपली भाजी निवडायला बाहेर येऊन बसू लागल्या. सहा महिने झाले, सात झाले. रिगर मला वाटेत भेटला की बोटांनी आकडा दाखवी. आणि मग वर्ध्याहून पत्र आलं की हिच्या भावाचं लग्न ठरलंय, पंधरा दिवस पाठवा. म्हणजे सात महिने वाया. नाही कसं म्हणणार, आणि का म्हणून म्हणणार? मास्तर ऐकून नुसते “चांगलं झालं” म्हणाले.

मी लग्नाच्या आदल्या दिवशी वर्ध्याला पोहोचलो, तर मास्तर मांडवात. हिच्या मागोमाग दुसऱ्याच गाडीने आले होते. नोकरीत अर्ज करून पहिली रजा त्यांनी त्या लग्नाला घेतली. वधूपक्षाला ते वरपक्षाचे वाटले, वरपक्षाला वधूपक्षाचे, आणि अशा माणसाला दुखवणं कोणालाच परवडत नसतं. दोन्हीकडून आग्रह, दोन्हीकडून ‘मामा, तुम्ही बसा’. रोज सकाळी धान्याच्या खोलीत पोत्यांमध्ये सतरंजी टाकून हिला बसवत आणि मग बाहेर येऊन पंगतीत वाढायला लागत. परत निघताना व्याह्यांनी त्यांना टोपी-उपरणं दिलं. “मास्तरांले लग्नाची भारीच हौस,” ही मला म्हणाली.

आणि वर्ष भरलं. त्या दिवशी वेगळं काही झालं नाही. मास्तर उठले, सतरंजी झटकली, हिला म्हणाले, “येतो, सूनबाई.” तिसऱ्या दिवशी राजीनामा देऊन, गोंदियाहून छोट्या गाडीने मंडल्याला गेले. मी आणि रिगर स्टेशनवर होतो. रिगरने त्यांचा गुरूंचा फोटो स्वतःच्या गमछ्यात बांधून आणला होता. मास्तर तो मांडीवर घेऊन खिडकीत बसले, आणि गाडी हलली. पाच-सहा वर्षं ज्या गोष्टीची वाट बघितली ती झाली होती, आणि झाल्याबरोबर आमच्यातून माणूस गेला होता. घरी आलो तर ही व्हरांड्यात बसलेली. चार दिवस तशीच बसली. मग एकदा जेवताना हळूच विचारलं, “माह्यं काही चुकलं का? ते मले सांगून बी नाही गेले.” माझ्याने सांगवेना. बायकोला न विचारता मी तिचं एक वर्ष दुसऱ्याला देऊन टाकलं होतं.

महिन्याभराने तिच्या नावाने कार्ड आलं. मास्तर बोलण्यात गावाकडचे असले तरी लिहीत फार शुद्ध. ‘गुरू भेटले. फार थकले आहेत. अट आठवत नाही म्हणतात. म्हणाले, मी असं म्हटलं असेन तर थट्टेत म्हटलं असेन, तुला पोट भरायला कुठेतरी धाडायचं होतं. असो. तुम्ही बसलात, तुमचे उपकार.’ तिने दोनदा वाचलं आणि माझ्यासमोर धरलं. तेव्हा मी सगळं सांगितलं. ती रागवेल म्हणून मी तयार होतो. ती कार्डाकडे बघत म्हणाली, “मले सांगतलं असतं तरी मी बसलीच असती. त्यांच्यासाठी बी बसली असती. मले दुसरं कोन होतं इथं?”

हे तिचं वाक्य मी होतं तसं लिहून मंडल्याला पाठवलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. तब्येत ठीक आहे, गुरूंची आंघोळ, जेवण आता तेच बघतात, गुरूंना माणूस ओळखू येत नाही, असं लिहिलं होतं. शेवटी दोन ओळी होत्या: ‘रोज सकाळी मला विचारतात, तू कुठला? मी सांगतो, भिलाईचा.’

त्या काळी आमच्यात कोणीच भिलाईचं नव्हतं. कोणी विचारलं तर रिगर नागपूरचं नाव सांगे, बंगालीणबाई कुठल्याशा कलकत्त्याजवळच्या गावाचं, बायको वर्ध्याचं, आणि चार कोसांवरून आलेला मीसुद्धा ‘आम्ही दुर्गचे’ असंच म्हणत असे. भिलाईचा म्हणून स्वतःची ओळख सांगणारा मला माहीत असलेला पहिला माणूस तोच, आणि तो तेव्हा भिलाईत नव्हता.